पाऊण तास आणि पहिला घास

प्रिय सुकन्याताई,

फोन तू उचलत नाहीस, बरोबरच आहे. तुझ्या लग्नादिवशी मामांना आणायला केम स्टेशनवर पाठवलेला सख्खा भाऊ समोर उभ्या गाडीत चढून गेला, आणि दाजींच्या कानपिळीला चुलत्यांचा जोतीराम उभा राहिला. तीन वर्षं झाली. का चढलो ते मलाही सांगता येत नाही. दार उघडं दिसलं की माझे पाय ऐकत नाहीत.

आता सोलापुरात आहे. हितं चन्नवीर मास्तर आहेत, मूळ मैंदर्गीचे, वय एकाहत्तर. त्यांच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवायला गेलो आणि टाकी राहिली बाजूला! म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उभा, श्वास सगळा सोडलेला, पोट पार पाठीला लागलेलं, आणि मधोमध स्नायूंचा एक नळ उभा राहून ताकातल्या रवीसारखा फिरतोय. योगात नौली म्हणतात तिला. मी मोबाईल काढला तर म्हणाले, "तमाशा हाय काय रं? खाली बस की." तेव्हापासून बसतोय, दोन वर्षं. माझ्यासाठी लईच की!

ऋतू बदलला की मास्तर शंखप्रक्षालन करून घेतात. आधी रक्तदाब, जुनी दुखणी विचारतात. दोघातिघांना परतच पाठवतात. मग कोमट मिठाचं पाणी, पाच आसनं, पुन्हा पाणी, पुन्हा आसनं, मध्येच संडासाकडं धूम. माझ्याबरोबर शिकणारा सलमान तर चप्पल सोडून पळतो. असो. शेवटी प्यालेलं पाणी तसंच नितळ बाहेर येतं. ताई, त्यानंतर डोक्यातला गलकासुद्धा थांबतो. मला वाटायचं, तो सगळ्यांच्याच डोक्यात असतो.

पण खरी परीक्षा पुढं. पाऊण तास न झोपता एका जागी बसायचं, मग तुपात बुडालेली मऊ मुगाची खिचडी. आणि मास्तरांचा रिवाज असा, की पहिला घास घरच्या माणसानं भरवायचा. सलमानला त्याची अम्मी सरदारबी भरवते, "खा रे मेरे शेर, पेट खाली करको आया," म्हणत. मी सांगितलं होतं, मला कोणी नाही. मला मास्तरांच्या पत्नी ईरम्माआजी भरवायच्या.

गेल्या खेपेला खालून भज्यांचा वास आला आणि मी अर्ध्यातनंच उठलो. मिरचीची चार भजी! धुतलेल्या आतड्यात विस्तव. गच्चीवर लोळलो. मास्तर रागावले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "पोट धुतलास, खोटं तसंच ठेवलास की रं. घरचं मानूस समोर असतं तर उठला नसतास. कोण हाय तुला?"

मी म्हटलं, बहीण हाय.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी पुन्हा आहे. खिचडी ईरम्माआजी करतील. तू फक्त घास भरव. दाजींनाही आण. त्यांचा कान पिळायचा मान मी घालवला, आता त्यांनी माझा पिळावा. गच्चीचं दार उघडंच असतं. तरी मी बसलेला असेन.

तुझाच, कान तयार ठेवलेला,
धुळा