पंधरा इंची चाकं आणि आम्ही पाच जण

२ मार्च
आज घरात ऐतिहासिक घटना. गाडीचे चारही टायर पार गुळगुळीत झालेत आणि बाबा जेवताना म्हणाले, तू शिकलीस, आता टायर तूच ठरव. आजवर या घरात मला भाजीसुद्धा कोणी ठरवू दिली नव्हती. बी. ए., राज्यशास्त्र. घरातली पहिली पदवी. शिक्षणाचा घराला उपयोग काय, ते आता दिसेल.

वीस तारखेला पदवीदान. आम्ही पाचही जण आपल्याच गाडीतून जाणार. आत्याचं एकच म्हणणं आहे: माइकवर तुझं नाव घेतील तेव्हा मी समोर बसलेली पाहिजे. तिची शाळा चौथीतच सुटली. माझ्या प्रत्येक परीक्षेला माझ्यापेक्षा जास्त घाम तिला फुटायचा.

संकल्प: घाई नाही. आधी अभ्यास, मग चर्चा, मग मतदान.

४ मार्च
व्हिडिओ पाहिले. खरा प्रश्न टायरचा नाहीच, रिमचा आहे. आमच्या गाडीला तेरा इंची लोखंडी रिम, त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या, त्यातलीही एक हरवलेली. हा अन्याय आपण इतकी वर्षं सहन कसा केला? पंधरा इंची अलॉय रिम आणि रुंद टायर घेतले की वळणावर आत्मविश्वास वाढतो. बाबा तिसऱ्या गिअरच्या वर क्वचित जातात, पण आत्मविश्वास सर्वांनाच हवा.

५ मार्च
घरची बैठक. आईने विचारलं, धुवायला सोपी कुठली? धाकट्या भावाला काळी हवीत. आत्या म्हणाली, आहेत ती चाकं गोल नाहीत का? जुन्या रिमवर साधे टायर: चार मतं. पंधरा इंची: एक. पण लोकशाही म्हणजे नुसतं बहुमत नव्हे, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. अपुऱ्या माहितीवर झालेलं मतदान मी रद्द ठरवलं.

८ मार्च
मोजमाप. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यामुळे डिकीत कायम लोखंड. सगळं बाहेर काढायला लावलं. पाण्याचा कॅन, आत्याची पाठीमागची उशीसुद्धा. शास्त्रीय कामात बाहेरचं वजन नको. रिकाम्या गाडीत टायर आणि वरच्या मडगार्डमध्ये बोटं सहज जातात. भरपूर जागा.

टायरवाला म्हणाला, मॅडम, इतका अभ्यास करून कोणी येत नाही. मग आतून धूळ झटकून एक सेट काढला. पारखी गिऱ्हाइकासाठीच राखून ठेवला होता म्हणे. या माणसाला धंद्यापलीकडची दृष्टी आहे.

९ मार्च
चाकं बसली! आत्या म्हणाली, बकरीला बैलाचे पाय लावलेस. एकटीच चक्कर मारून आले. अप्रतिम.

११ मार्च
बाबा तीन मशीन घेऊन कामाला गेले. परत आल्यावर म्हणाले, मागून खर्र खर्र येतं. मी समजावलं की नवीन वस्तू रुळायला वेळ घेते, नवीन चप्पल नाही का लागत? बाबा म्हणाले, चप्पल मला लागते, गाडीला नाही. त्यांना दृष्टान्त कळला नाही.

१५ मार्च
स्टिअरिंग जड झालंय, बाबांचा खांदा दुखतो. एरवी त्यांना व्यायाम नाहीच. आईची तक्रार: रस्त्यातला खडान् खडा कळतो. बरोबर. यालाच रस्त्याशी नातं म्हणतात.

१८ मार्च, संध्याकाळ
रंगीत तालीम. पाचही जण बसलो. गल्लीच्या तोंडाच्या स्पीडब्रेकरवर टायर मडगार्डला असं घासलं की बेकरीवाला बाहेर येऊन बघायला लागला. आत्या उतरली, आवाज बंद. आत्या चढली, आवाज सुरू. ती म्हणाली, गाडीने ओळखलं गं मला! सगळे हसले.

घरी आल्यावर म्हणाली, मी नाही येत, तुम्ही व्हिडिओ काढून आणा. हे मात्र ती हसत म्हणाली नाही. आठवडाभर आधी इस्त्री करून ठेवलेली साडी तिने कपाटात परत ठेवली.

बाबा म्हणाले, जुन्या रिम पडवीत आहेत. पण माघार हा उपाय नव्हे. प्रश्न चाकांचा नाहीच, बैठकव्यवस्थेचा आहे. आराखडा करते. साडी मी पुन्हा बाहेर काढली.

२० मार्च, सकाळ
बसस्टॉपवर लिहिते आहे. आराखडा उत्तम होता. आत्या पुढे, मी मागे मधोमध, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मी उतरून पुढे जाऊन चढायचं. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, गाडी ढकलतेस की काय? मग रबराचा वास यायला लागला. कोणीतरी कमी व्हायला हवं होतं. आत्याने दाराला हात घातला, त्याआधी मी उतरले. चाकं माझी, जबाबदारी माझी. बाबांना म्हटलं, थांबू नका, आत्याला पुढची खुर्ची मिळाली पाहिजे.

बसही साधारण तेवढ्याच वेळात पोचते. ही आलीच. नाही, ही दुसरीकडे जाते.

२० मार्च, संध्याकाळ
पोचले तेव्हा माझं नाव पुकारून झालं होतं. एकदा पुकारलं, पुन्हा पुकारलं, कोणी उठेना. मग पहिल्या रांगेतून आत्या उठली, पायऱ्या चढली आणि माइकवरच्या सरांना म्हणाली, येतेय हो ती, वाटेत उतरवावी लागली. प्रमुख पाहुण्यांना हसू आवरेना. त्यांनी पदवी तिच्याच हातात दिली. मी धापा टाकत दारात पोचले ती टाळ्या ऐकत. आत्या स्टेजवर ताठ उभी, दोन्ही हातांत माझी पदवी, आणि फोटोग्राफर म्हणतोय, जरा हसा.

डोळ्यांत पाणी आलं. बसमध्ये धूळ फार होती.

२३ मार्च
जुन्या रिम, साधे टायर. पाचही जण फिरून आलो. आवाज नाही. अलॉयवर आत्याने कुंड्या मांडल्यात. फोटो भिंतीवर लागला.

जेवताना बाबा म्हणाले, सीटची कव्हरं फाटलीत, ठरवतेस का? मी म्हटलं, आत्याला विचारा, भिंतीवर पदवी तिच्या हातात आहे.

आत्या म्हणाली, आधी सगळे गाडीत जाऊन बसा, मग बोलू.