ॲपॉस्ट्रॉफीचं उदाहरण

सृष्टी,

मी सकाळच्या एसटीनं चारठाण्याला माहेरी जायलेय. भाकरी दुरडीत झाकून ठेवल्यात. आईंना बीपीची गोळी जेवण झाल्यावरच दे.

तुझी इंग्रजीची वही चाळली. ॲपॉस्ट्रॉफी या अलंकाराची व्याख्या बरोबर हाय: गेलेल्या माणसाशी तो समोर असल्यासारखं बोलणं. पण खाली उदाहरण म्हणून तू आईंचं रोजचं वाक्य लिहिलंस, "हरिओम, भाकर वाढू का रे?" ते खोड. बारावीच्या पेपरात पुस्तकातलंच उदाहरण लिही. तुझ्या दादाला जाऊन वर्ष झालं, आपलं घर पेपर तपासणाऱ्याला कशाला दाखवायचं?

आई तुझ्या दादाचं ताट वाढतील, वाढू दे. हाक मारतील, मारू दे. तू फक्त ओ देऊ नको.

माझ्याकडून परवा तीच चूक झाली. मी भाकरी थापायले होते, आईंनी नेहमीसारखं विचारलं आन् माझ्या तोंडून "वाढ" निघून गेलं. मी त्यांना "वाढा" म्हणते, तुला माहीत हाय. "वाढ" तुझा दादा म्हणायचा. वाटलं, आता आई रडतील. त्या हसल्या आन् दोन भाकरी वाढल्या.

तवापासून त्या ताटाकडं बघत न्हाईत, माझ्याकडं बघतात. मला हरिओम म्हणायल्यात. आन् मी ओ द्यायलेय. म्हणून जायलेय.

तुझी व्याख्या मी दोनदा वाचली. समोरून उत्तर आलं तर काय, ते त्यात लिहिलेलं न्हाई.

शीलावहिनी