अक्काची टेस्ट, माझी टेस्ट

९ जून, सोम.
येलहंका बाजारात भाजीची पिशवी उचलली आणि छातीत आवळल्यासारखं. पार जबड्यापर्यंत. ऑटोवाला म्हणाला, "स्वल्प कूतकोळ्ळी, अम्मा." जरा बसा म्हणे. तिथंच बसले. थोड्या वेळानं थांबलं. अक्कालाही असंच सुरू झालं होतं.

१० जून
डॉ. मॅडमना दाखवलं. ईसीजी ठीक. मी आधीच सांगून टाकलं, ट्रेडमिल नको. गेल्या वर्षी माझी अक्का त्याच्यावर व्यवस्थित चालली, रिपोर्ट नॉर्मल, ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आली. पुढच्याच महिन्यात गेली.
मॅडम म्हणाल्या, ताण पडल्यावर हृदय काय करतं ते ट्रेडमिलवर कळतं. सीटीत रक्तवाहिन्याच दिसतात. तुमची सीटी करू.
भाऊजींना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, बेळगावला फोन केला. करायला नको होता बहुतेक. "मी येतो. एकटी जायचं नाही, सरी? कळलं ना?"

१२ जून
सीटी झाली. नाडी कमी व्हायला गोळी दिली, तरी लवकर उतरेना. औषध शिरेतून गेलं तशी अंगभर गरम लाट. "श्वास रोखा." रोखला.
बाहेर भाऊजी माझी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलेले. "झालं? एवढंच?" मग खाली बघत, "तिच्या वेळी हेही सुचवलं होतं. तिला सुईची भीती. ट्रेडमिलच बरं, असं मीच म्हणालो."
मला हे माहीतच नव्हतं.

१४ जून
रिपोर्ट. एक रक्तवाहिनी अरुंद, मध्यम. पण दुखणं त्यामुळेच का, ते सीटी सांगत नाही. त्यासाठी हृदयाला ताण देऊन रक्तपुरवठ्याचा स्कॅन. म्हणजे पुन्हा ताणच!
भाऊजींनी विचारलंच. "मॅडम, तिची सीटी केली असती तर?"
"कदाचित दिसलं असतं. कदाचित नसतंही. तुमचं काही चुकलं नाही."
त्यांनी पहिलं 'कदाचित' तेवढं ऐकलं. लिफ्टमध्ये रडले. सत्तरी ओलांडलेला माणूस, अनोळखी लोकांसमोर... मी नुसता हात धरला.

१५ जून
भाऊजींनी परतीचं तिकीट रद्द केलं. स्कॅन बुधवारी. सकाळी त्यांनीच उपमा केला, मीठ विसरले. मी सगळा खाल्ला.
ताटल्या उचलता उचलता थांबले. "तिला नक्की कुठं दुखायचं, मी कधी धड विचारलंच नाही. तुला कुठं दुखतं? नीट सांग."
खुर्ची ओढून समोर बसले. मी सांगायला लागले.