साठातले वीस एकर

बॉइसी, ११ ऑक्टोबर

ती. फर्मिनमामांस,
शि. सा. न. वि. वि. हात जोडायची आज इच्छा नाही, पण आईने असंच शिकवलंय.

काल आजोबांच्या माळावर गेले होते. वणव्यानंतर तिथे माजलेलं चीटग्रासचं तण काढून सेजब्रशची झुडपं पेरायचं काम आमच्या ऑफिसने तुम्हाला दिलं, म्हणून मी निर्धास्त होते. आणि तुम्ही औषध फवारायचं सोडून वीस एकरांवर तव्यांचा नांगर फिरवलात! झुडपांमधल्या मातीवर करपल्या पावासारखा जो काळा, माती धरून ठेवणारा शेवाळाचा पापुद्रा होता, त्याचा भुगा झालाय. तो पुन्हा धरायला माझं अख्खं आयुष्य लागेल. मी उभी असतानाच वारा माती उचलून नेत होता. शिवाय मोकळी माती चीटग्रासलाच मानवते. वसंतात ते दुप्पट उगवेल. आजोबा त्या पापुद्र्यावर आम्हाला पाऊलही ठेवू देत नसत. तुम्ही त्यांचाच मुलगा ना?

उरलेल्या चाळीस एकरांना हात लावू नका. राग आहे, लोभ आटलेला नाही.

तुमची,
नेकाने

जॉर्डन व्हॅली, १५ ऑक्टोबर

चि. नेकानेस अनेक आशीर्वाद.
मामी म्हणते, पोरगी आईवर गेलीय, नमस्कार करता करता चावते. अगं, तुझे आजोबा मेंढ्या राखायचे, मी गहू पेरतो. रान स्वच्छ असलं की बी लागतं, एवढं मला कळतं. सोबत कामाचा कागद पाठवतोय. 'तण समूळ काढून जमीन तयार करावी.' हवालदारीणबाई, खालची सही चष्मा लावून बघ. फवाऱ्याने मूळ निघतं का? रविवारनंतर उरलेलं उरकतो.

मामाचा लोभ आहेच.
फर्मिन

बॉइसी, १८ ऑक्टोबर

ती. मामा, सा. न.
सही माझीच. ते वाक्य मी एका गव्हाच्या शेताच्या कागदावरून उतरवलं. माळ बघायला गेलेच नाही. चार दिवस तुमच्यावर ओरडत होते, त्यातलं निम्मं माझं होतं. उरलेलं निम्मं तुमचंच. माळ तुम्हाला ठाऊक होता, एकदा विचारायचं तरी.

आज साहेबांना लेखी दिलं, की चूक माझी. चाळीस एकरांत नांगर नको, तण दाट तिथेच औषध मारावं, हिवाळ्यात बर्फावर बी पसरावं. औषधाचा मातीला त्रास होतो, तेही लिहिलं. पण पापुद्रा मोडत नाही. साहेबांनी विचारलं, नोकरी नको झालीय का. मी म्हटलं, हवी आहे. लिहून दिलेला कागद मात्र परत घेतला नाही.

शनिवारी सकाळी पोचते. फवाऱ्याची टाकी मी पाठीवर घेईन. नांगर ट्रॅक्टरला जोडलेला दिसला, तर त्याच्यासमोर बसेन. मामीला म्हणावं, जेवण तिथेच पाठव.

लोभ असू द्या. नसला तरी शनिवारी येणारच.

नेकाने