पीराच्या गडाची उतरण

नगर,
१८ एप्रिल १९७२

प्रिय रंगनाथ,

गेल्या गुरुवारी आम्ही पीराचा गड चढून आलो. आई, तुझी छबू आणि मी. हो, तोच गड. आपल्या मळ्यातून उगवतीला डोंगराच्या माथ्यावर दर्ग्याचा जो पांढरा ठिपका दिसतो, ज्याच्याकडे बघत तू आणि मी मोट चालू असताना पाटात पाय सोडून बसायचो, त्या ठिपक्यापर्यंत जाऊन आलो. नाना दर वर्षी म्हणायचे, यंदा सुगी उरकली की सगळे मिळून जाऊ. सुगी उरकायची आणि दुसरं काही तरी निघायचं. नाना गेले, तू पलटणीत गेलास, मी लग्न होऊन नगरला आले आणि शाळेत पोरांना शिकवायला लागले. गड तिथल्या तिथे राहिला. जवळच असलेल्या गोष्टीकडे माणूस जायचंच विसरतो.

आईला मात्र जाणं भाग होतं. तुला कदाचित ठाऊक नसेल, तिचा नवस होता. डिसेंबरात लढाई पेटली, रेडिओवर रोज बातम्या आणि तुझं पत्र मात्र नाही, तेव्हा ती एका सकाळी मळ्याच्या बांधावर उभी राहून गडाकडे पदर पसरून मोठ्याने म्हणाली होती, "बाबा, माझं लेकरू जित्तं ठिव, मी अनवानी येऊन तुला चादर घालीन." छबू तिथेच कडबा काढत होती. तिनेच मला हे सांगितलं. पुढे तुझं पत्र आलं, पायाला थोडं लागलंय, पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात आहे, काळजी नसावी, भेटायला येऊ देत नाहीत. आईने ते पत्र शेजारच्या गोरक्षकडून चार वेळा वाचून घेतलं आणि देवापाशी ठेवलं. तिच्या दृष्टीने तिथेच सगळं संपलं. लेकरू जिवंत होतं, पीर बाबांचं देणं तेवढं राहिलं होतं.

जानेवारीत दाजी आणि मी तुला भेटून आलो, त्याबद्दल मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. तू आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलंस. निघताना तेवढा माझा हात धरलास आणि म्हणालास, "आक्का, आईला कळता कामा नये." मी बरं म्हटलं. छबूसाठी तू जो निरोप दिलास, तोही मी तिला जसाच्या तसा पोचवला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती गोठ्यापाशी बसून तीळ पाखडत होती. तिने सगळं ऐकलं, सूप थोडा वेळ तसंच हातात धरलं आणि मग पुन्हा पाखडायला लागली.  मी नगरला परत आले आणि घरी रात्री दाजींना म्हटलं, या पोरीच्या मनात काय आहे मला कळत नाही.

मग चैत्र उजाडला आणि आईचा निरोप आला, गुरुवारी गडावर जायचंय, तू ये. पाथर्डीहून एस. टी.ने पायथ्याच्या वस्तीवर उतरलो तेव्हा ऊन नुकतं चढायला लागलं होतं. यंदा आपल्या भागाची काय दशा आहे ती तू पाहिलेली नाहीस. सलग दोन पावसाळ्यांनी दगा दिल्यामुळे विहिरींचे तळ दिसतात, बाभळीसुद्धा करड्या पडल्यात आणि निम्मं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर जातं. त्या वस्तीवरही प्यायच्या पाण्यासाठी बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. आईने लिंबाखाली वहाणा काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि डोंगराच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. छबूच्या डोक्यावर चादरीचं आणि मलिद्याचं गाठोडं होतं.

सुरुवातीची वाट साधी आहे, मुरमाची. पुढे एक खिंड लागते आणि तिथून अंगावर येणारा कडा दिसतो. रंगा, मी मान वर केली आणि माझे पायच थांबले. खालून ठिपका वाटणारी ती जागा म्हणजे केवढा थोरला काळा कातळ आहे, आणि त्या कातळाच्या पोटातून कोणी तरी, कोण जाणे किती शे वर्षांपूर्वी, पायऱ्या खोदून काढल्यात. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, काही माणसांच्या पायांनी मधोमध झिजून परातीसारख्या खोलगट झालेल्या. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसता वारा. त्या वाटेवर आमच्या पुढेमागे माणसं होती. तान्ह्या पोराला पाठीशी बांधलेली एक बाई, नगरहून आलेलं एक मुसलमान कुटुंब, टोपी काढून हातात घेतलेला एक म्हातारा शेतकरी.  सगळ्यांचे श्वास एकत्र ऐकू येत होते. आई पुढे होती. दगड तापला होता, तिचे पाय भाजत असणार, पण ती एकदाही सावलीला थांबली नाही.

शेवटच्या वळणावर गडाचा दरवाजा लागतो. दारं कधीच गेलीत, कमान तेवढी उभी आहे. दोन्ही बाजूंचे बुरूज ढासळलेत आणि त्यांच्या फटींतून उंबराची झाडं निघालीत. कमानीखालून आत गेलं की एकदम गार वाटतं. आणि बाहेर पडलं की समोर नुसतं आभाळ. मी कड्यापाशी जाऊन खाली पाहिलं. एक घार फिरत होती. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आपला मळा, आपलं गाव, शाळा, ज्याच्यावरून आपण लहानपणी भांडलो ते सगळं त्या घारीच्याही खाली होतं, हाताच्या पंजाने झाकता येईल एवढं. तुला माहीत आहे, मी नवससायास मानणारी नाही. पण तिथे माझे हात आपोआप जोडले गेले. कोणाला, ते मला सांगता येणार नाही.

दर्ग्याच्या अलीकडे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. खाली बाया हंड्यासाठी ताटकळताहेत आणि इथे डोंगराच्या शेंड्यावर काठोकाठ नितळ पाणी! इतकं थंड की ओंजळ दुखली. दर्ग्याची देखभाल करणारे पांढऱ्या दाढीचे जे मुजावर आहेत, त्यांना मी विचारलं, हे आटत कसं नाही? ते म्हणाले, "बाई, माझ्या आज्यानंबी ह्येचा तळ पाहिला नव्हता. आमी विचारत न्हाई, पितो." आई पाय धुऊन उंबऱ्यापाशी जाऊन बसली. आतमध्ये बाया जात नाहीत. मुजावरांनी आमची हिरवी चादर घेतली, आत मजारीवर घातली, लोबानाचा धूर केला. आईने पदर पसरला आणि मळ्याच्या बांधावर बोलली होती तशीच मोठ्याने बोलली, "बाबा, तुझं उपकार फेडू कशी? माझं लेकरू जसं धाडलं हुतं तसं धडधाकट मला माघारी दिलंस."

मी मान खाली घातली. आणि तेवढ्यात छबूचा आवाज आला. तुमचं लग्न होऊन वर्ष होत आलं, त्या मुलीचा आवाज मी इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. "आत्याबाई, असं नगा म्हनू. ह्या दारात खोटं नगा बोलू. धडधाकट न्हाईत ते. सुरुंगावर पाय पडला त्यांचा. उजवा पाय न्हाई त्यांना, मांडीपासनं."

रंगा, वारा त्या क्षणी थांबला होता की मलाच ऐकू येईनासं झालं, कोण जाणे. आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तिला सगळं दिसलं असणार. मुजावर मोरपिसांचं मोरचेल हातात धरून तसेच उभे राहिले. आईने छबूला विचारलं, "तुला कवाधरनं ठावं हाय?" छबू म्हणाली, "संक्रांतीपासनं." "आन तू ऱ्हायलीस?" "मंग कुटं जाऊ?" एवढंच. आई परत उंबऱ्याकडे वळली. मला वाटलं आता ती हंबरडा फोडेल, पीरालाच जाब विचारेल. तिने पदर पुन्हा पसरला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आत्ता चुकीचं बोलले. म्या जित्ता मागितला हुता. जित्ता दिलास. तुझा शब्द पुरा झाला, माझाबी पुरा झाला." मग तिने उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तिची पाठ हलत होती. मुजावरांनी त्या पाठीवरून मोरचेल फिरवलं, आणि त्यांच्याही डोळ्यांना पाणी होतं.

टाक्यापाशी बसून आम्ही मलिदा खाल्ला. आईने मला सगळं विचारून घेतलं. दुखतं का, जेवतोस का, रात्री झोपतोस का. पुण्यात लाकडाचा-कातड्याचा पाय करून देतात हे मी सांगितलं, आणि डॉक्टरांनी दाजींना कळवल्याप्रमाणे तुझा पाय तयार होऊन तुझ्या खाटेखाली पडलाय, तू तो बांधून घ्यायला तयार नाहीस, हेही सांगितलं. कारण आता लपवून काय करायचं होतं? तिने ऐकलं, तोंड धुतलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाली, चला.

दरवाज्यातून बाहेर पडलो, पहिल्या उंच पायरीपाशी आई थांबली. तिने टेकायला आणलेली काठी नीट धरली, डावा हात छबूच्या खांद्यावर ठेवला आणि उजवा पाय गुडघ्यात मुडपून वर घेतला. मी ओरडले, "आई, काय करतेस? खाली दरी आहे!" ती म्हणाली, "थांब जरा. रंगा इथनं कसा उतरंल त्ये बघतीय." आणि ती एका पायावर खालच्या पायरीवर उतरली. साठीची बाई, भाजलेला तळवा, आणि शेजारी नुसता वारा! छबू एक पायरी खाली होऊन तिला खांदा देत होती. वर चढणारी माणसं कातळाला पाठ लावून उभी राहिली.  काही पायऱ्या उतरल्यावर आईचा तोल गेला, ती मटकन बसली, कोपर खरचटलं. मी धावले. ती धापा टाकत होती, आणि तिचा चेहरा... मला तो लिहिता येत नाही. कड्याकडे बघून माझे पाय थांबले होते, तसंच तिच्याकडे बघून झालं. ती म्हणाली, "अवघड हाय. लई अवघड हाय. पन व्हतंय." मग छबू म्हणाली, "आत्याबाई, आता तुमी खांदा द्या, मी बघते." आणि पुढच्या पायऱ्या ती उतरली, त्याच एका पायावर. मी दोघींच्या मागून चालत होते, वहाणा हातात घेऊन.

हे सगळं तुला आत्ताच का कळवते आहे ते सांगते. येत्या रविवारी आम्ही तिघी पुण्याला येतोय. परवानगी मागत नाही, कळवतेय. पडदा सरला आणि समोर एकदम आई दिसली असं तुला व्हायला नको, रडायचं असेल ते आधी रडून घेता यावं, म्हणून हे पत्र रविवारच्या आधी तुझ्या हाती पडायला हवं. आणि दुसरी गोष्ट छबूची. जानेवारीत तू माझ्याबरोबर तिला निरोप दिलास, की माझ्यासारख्याबरोबर जन्म काढू नकोस, माहेरी जा, मी सोडचिठ्ठी देतो. त्याला इतके दिवस तिने उत्तर दिलं नव्हतं. गडावरून उतरल्यावर, एस. टी.ची वाट बघताना, तिने ते माझ्याजवळ दिलं आणि जसंच्या तसं लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना लिवा, सोडचिट्टी द्यायची आसंल तर माझ्यासमोर उभं ऱ्हाऊन द्यावा. पडल्या पडल्या दिलेली मी घ्यायची न्हाई."

रविवारी भेटू.

तुझीच,
विजूआक्का