उसातली दोन पिल्लं

अक्कलकुवा

तीर्थरूप आबा,
मयूरीचा नमस्कार.

ऊसतोडीत सापडलेल्या रानमांजराच्या दोन पिल्लांपैकी मी इथे सोबत आणलेलं पिल्लू पडल्यामुळे लंगडतं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. आपण त्याला कोठीत नुसत्या दूधभाकरीवर वाढवलं, म्हणून त्याची हाडं वाकली. इथल्या जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या, "हे आता रानात जगणार नाही."

मी मांस आणू म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपला घरमा ते चालत नही. दूध पी ऱ्हायनं ना?" घर शाकाहारी राहिलं आणि पिल्लू अधू झालं.

मी वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

दुसरं पिल्लू अजून कोठीतच असेल. त्याला आता नुसत्या दूधभाकरीवर ठेवू नका. तुमची लेक म्हणूनच आधी कळवते: सोमवारी, तेवीस फेब्रुवारीला, त्याला ताब्यात घ्यायला मी वनरक्षकांना घेऊन घरी येणार आहे.