दमछाक झाली, असं लिहिलं होतं

तारकर्ली

प्रिय समर्थ,

सावंतवाडीच्या शाळेत लागल्यापासून तुझं इकडे येणं नाही, आणि हे फोनवर बोलवणार नाही, म्हणून लिहितोय. परवा आमच्या अलीजाला शाळेतून ‘दमछाक’ हा शब्द वाक्यात वापरून आणायला सांगितला होता. पोरीने लिहिलं, ‘किल्ला चढताना आमची दमछाक झाली.’ वाक्य बरोबरच आहे. मी मात्र जेवणावरून उठलो.

दिवाळीच्या सुट्टीतली ती गर्दी तुला आठवत असेल. स्कूबाच्या बोटीवरून आपला धोंडू पर्यटकांना घेऊन दिवसात अकराव्यांदा पाण्याखाली उतरला. आधी मालकाला म्हणाला होता, “माझ्यान आता होवचा नाय.” मालक म्हणाला, “ही एकच खेप, मगे घराक जा.” धोंडूने त्या बाईला नीट वर आणलं, बोटीत चढवलं आणि बोटीची कड धरून तसाच राहिला. मी ओढून घेतला तेव्हा तो संपला होता.

पोलिसांत द्यायचा माझा जबाब तू लिहिलास, कारण आपल्या तिघांत मराठी तुझं चांगलं. मी रडत सांगत होतो, “राबवन राबवन मारल्यानी तेका.” मालक शेजारीच बसला होता. तू त्याच्याकडे बघितलंस आणि लिहिलंस, ‘पोहताना दमछाक होऊन मृत्यू.’ मी सही केली. दमछाक आपोआप होते रे. राबवायला दुसरा कोणीतरी लागतो. हे मला आता कळतंय.

महिन्याभरात मालकाने मला धोंडूच्या जागी मुख्य डायव्हर केलं. कोणी किती खेपा उतरायचं ते मी सांगतो. काल धोंडूचा भाऊ दत्ताराम नवव्यांदा वर आला, तर मास्कमध्ये रक्त. “इक्बालभाय, अजून किती?” मी म्हणालो, “ही एकच.” माझ्या तोंडून गेलं ते, समर्थ. तो वर येईपर्यंत मी बोटीची कड धरून पाण्यात बघत होतो.

आज मी दत्तारामला बोटीवर घेतलं नाही. मालक नुसता हसला. दुपारपासून त्याची गाडी दोनदा आमच्या दारावरून सावकाश गेली. तुझ्या नसीबावहिनीने पोरीला अंगणातून आत घेतलंय.

उद्या मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. आधीचा कागद कोणाच्या हातचा, हे विचारतील. मी तुझं नाव सांगणार. तुझी नोकरी आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी तुला कळवतोय. मी तिथवर पोचलोच नाही असं कानावर आलं, तर तू ये. पण एकटा येऊ नकोस.

तुझाच,
इक्बाल